मध्यान्हीच्या मरणाचे वतन

टॅलो गल्च कसब्याचे म्युझियमात एक काचकपाट आहे, त्यात मोडकी पहार, गंजली मेणबत्तीदाणी आणि कोणा खाणकामगाराचा एकच बूट बहुत सन्मानाने ठेविला आहे. त्या बुटाशेजारी या हकीकतीस जागा द्यावी, ऐसा गावसभेचा हुकूम जाहला. हुकमाचा मजकूर की, गेल्या खाणदिनी भर रस्त्यात जे युद्ध जाहले त्याचे वर्तमान जो तो आपल्या सोयीने सांगतो, कोणी गाढवीस शहाणी म्हणतो, कोणी मार्शलास वेडा म्हणतो, तरी तुम्ही तेथे हजर होता आणि तुम्हांस दुसरा उद्योगही नाही, सबब साद्यंत लिहोन द्यावे. आम्ही सिल्व्हर स्पर सलूनचे पियानोवाले. आम्हांस उद्योग नाही हे म्हणणे आम्ही कबूल करीत नाही, परंतु हुकूम शिरसावंद्य, म्हणोन जे डोळां देखिले ते लिहितो, आणि जे देखिले नाही तेही लिहितो, कारण या गावात न दिसलेली गोष्टही तासाभरात कळते.

पूर्वपीठिका ऐसी जे, या डोंगराचे पोटी रुपे होते आणि ते प्रथम गाढवाने शोधिले. आमचे मूळपुरुष जे कोणी होते त्यांचे गाढव दावे तोडोन पळाले, आणि मूळपुरुष शिव्या देत मागे धावले, आणि जेथे ते गाढव दमोन बसले तेथेच खडकात रुप्याची शीर लागली. तेव्हापासोन कायदा जाहला आणि तो आजतागायत चालतो, की गाढव रस्त्यात बसले तर त्यास कोणी ढकलू नये, ओढू नये, भोंगा वाजवू नये. ते आपखुशीने उठेल तेव्हा उठेल, तोवर खासा गव्हर्नराची स्वारी आली तरी तिने थांबावे. मग रुपे सरले, खाण मिटली, आणि वडील मंडळींनी मसलत केली की, डोंगर आता काही देत नाही, तरी डोंगर पाहावयास लोक येतील, त्यांजकडोन घ्यावे. त्याजवरून खाणीत छोटी आगगाडी घातली, ती आत गेली की दिवा मालवितात आणि लोक मोल देऊन किंचाळतात. ओढ्याकाठी वाळू चाळोन सोने काढावयाचा हौद बांधिला, त्यात रोज सकाळी सोने आधी टाकावे लागते. फाशीचे झाड म्हणोन एक झाड नेमिले, त्यावर कोणी लटकला नाही. खाण बंद जाहली तेव्हा ते रोपटे होते. डोंगरापलीकडचे कॉपर सिटीवाले आमचे जन्माचे वैरी, त्यांनी दोन कड्यांमध्ये दोर बांधिला आणि त्यावरून माणसे लोंबकळत सोडिली, आणि बहुत रयत तिकडे ओढिली. दोरास लोंबकळणे यात इतिहास तो काय, हे आम्हांस आजवर कोणी सांगितले नाही.

परंतु आमचेकडे मध्यान्हीचे युद्ध होते, आणि ते कॉपर सिटीस सात जन्मांत जमणार नाही. युद्धाचा शिरस्ता ऐसा. बाराचे सुमारास काळा रूब नामे दरोडेखोराने बँक लुटावी. बँकेत हल्ली चॉकलेटच्या वड्या विकतात, तरी लुटावी. मग थैल्या खांद्यावर टाकोन त्याने मुख्य रस्त्यात यावे, आणि सलूनमधील पियानो एकाएकी थांबावा, ते काम आमचे, आणि मग मार्शल डेल ओर्तेगा, जे एरवी नळदुरुस्ती करितात आणि मोठे दिलदार गृहस्थ आहेत, त्यांनी समोर उभे राहोन रूबास ललकारावे, आणि बार उडावा, आणि रूबाने मरावे. आम्ही पियानो पुनः धरू तेव्हा मयताने उठावे, त्याआधी कदापि नाही, कारण मयत मधेच उठोन बसले तर पाहुण्यांनी विश्वास कोणावर ठेवावा.

हे मरणाचे वतन ट्रेगोनिंग घराण्याचे. वडील ट्रेगोनिंग याच धुळीत मरत आले, आणि एके साली ते खरेच बिछान्यात वारले, तेव्हापासोन त्यांचे चिरंजीव वेंडेल ट्रेगोनिंग मरू लागले. वेंडेलरावांचे मरण म्हणजे काय वर्णावे. गोळी लागली की आधी नवल करावयाचे, जणू ऐसे काही होईल ही कल्पना नव्हती. मग टोपी सांभाळावयाची, कारण मरणारासही टोपीची चाड असते. मग सलूनचे खांबास मिठी मारोन आईचे नाव घ्यावयाचे, आणि मार्शलाचे नेमाची तारीफ करावयाची, आणि मग गुडघ्यावर, मग कोपरावर, मग सावकाश गालावर येऊन निजावयाचे. इतुक्या वेळात बायाबापड्यांचे रुमाल निघत. डेलसाहेबांनी एकदा आम्हांपाशी तक्रार केली की, हा मरेपावेतो माझे हातातले पिस्तूल खाली येत नाही, खांदा धरितो. परंतु ती तक्रार प्रेमाची होती.

आता गाढवीचा प्रसंग, तो सावध ऐकावा. आमचेकडे दुपारी पेस्टी खातात. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि सलगम भरलेली हातभर करंजीच, आणि तिच्या कडेस जाड मुरड असते. खाणीतले वडील मळक्या हातांनी ती मुरड धरीत, आतले खात, आणि मुरड अंधारात टाकीत, ती ठकठक्यांसाठी. ठकठके म्हणजे खडकाआड राहणारे बुटके जीव. छत कोसळणार असेल तर ते आधी ठकठक करोन माणसांस कळवितात, आणि त्यांचा हिस्सा चुकला तर कळवीत नाहीत. खाण मिटल्यावर ठकठक्यांस हिस्सा कोणी पोचवावा, ही पंचाईत पडली, तेव्हा गावाने ठरविले की गाढवे खाणीची जुनी चाकर, त्यांस दिले म्हणजे पोचले. म्हणोन वेंडेलराव आपले पेस्टीची मुरड जाकिटाचे खिशात ठेवोन मरत, आणि ऑगस्टा नामे थोरली गाढवी, करडी, एका कानाने तिरपी, डौलाने चालत येई, मयताचा खिसा हुंगी, मुरड खाई, मयताचे कपाळास ओठ लावी आणि निघोन जाई. पाहुण्यांस वाटे की जनावर शोक करिते. आम्ही त्यांचा गैरसमज कधी काढिला नाही.

ऐसे वतन सुखाने चालिले असता, जून महिन्यात विघ्न उद्भवले. वेंडेलराव नेमाप्रमाणे मेले, ऑगस्टा येऊन गेली, टाळ्या जाहल्या, आणि आम्ही पियानो धरला, तरी मयत उठेना. आम्ही दुसरे गाणे धरले, तरी उठेना. तेव्हा समोरचे बेकरीतोन त्यांचे कुटुंब लॉरेटाबाई, दोन्ही हात पिठाचे, एक सपात पायात आणि एक वाटेत, धावत आल्या आणि त्यांनी मयतास खांद्यास धरोन हालविले. तो वेंडेलरावांनी डोळे उघडिले आणि सांगितले की, ऊन सुखाचे होते, धूळ गरम होती, अंमळ डोळा लागला. सारा रस्ता हसला, डेलसाहेब हसले, आम्हीही हसलो, वेंडेलराव तर पोट धरोन हसले. लॉरेटाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाटेतली सपात उचलिली आणि त्या भट्टीकडे परत गेल्या.

त्यानंतर आठवडा लोटला नाही तो गावसभेच्या अध्यक्षा मार्व्हा पेंगेली यांचे फर्मान सुटले. मार्व्हाबाई मोठ्या करारी. हौदात सोने किती टाकावे येथपासोन फाशीचे झाडास पाणी केव्हा घालावे येथवर सारा बंदोबस्त त्यांचा. फर्मानाचा आशय की, वेंडेलरावांचे गुडघे नादुरुस्त, वय जाहले, सबब मरणाचे कामावरोन त्यांस दूर करण्यात येत आहे; त्यांनी म्युझियमचे तिकीटखिडकीत बसावे, तेथे गादीची खुर्ची आणि पंखा आहे; आणि काळ्या रूबाचे जागी डेन्व्हर शहरीहोन कॉलिन बर्डिक नामे नाट्यशाळेतला तरुण नामजाद केला आहे, त्याने खाणदिनापासोन मरावे. हे ऐकोन वेंडेलराव टोपी हातात घेऊन दरबारी गेले आणि त्यांनी बहुत अर्ज केला, की माझा बाप येथे मेला, मी येथे मेलो, गुडघ्यांचे काय, मरावयास गुडघे कशास हवेत. मार्व्हाबाई ऐकोन घेत होत्या, आणि त्यांचे तोंड कडू जाहले होते, ते का हे आम्ही मागाहोन समजलो.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "तू मरू नकोस असं कोणी म्हणत नाहीये. रस्त्यात मरू नकोस एवढंच."

"मग काय तिकिटाच्या खिडकीत मरू?"

"तिथं बस. पंखा आहे."

वेंडेलरावांनी पुसले की, ही कागाळी कोणी केली, डेलने की पियानोवाल्याने. आमचे नाव निष्कारण निघाले ते येथे नमूद करितो. मार्व्हाबाईंनी खिडकीबाहेर बेकरीकडे पाहिले आणि कागद आवरू लागल्या. वेंडेलरावांस त्यातले काही उमगले नाही. ते घरी गेले आणि लॉरेटाबाईंस म्हणाले की, या गावात माझा कोणी शत्रू आहे, आणि लॉरेटाबाईंनी त्यांस सूप वाढिले.

मग वेंडेलराव खिडकीत बसले. पदच्युत राजाचे जे हाल तेच त्यांचे जाहले. लोक येत, दोन मोठी आणि एक लहान तिकीट मागत, आणि शौचकूप कोठे ते पुसत, आणि कोणी ओळखीत नसे, कारण काळी टोपी नाही आणि अंगावर धूळ नाही. बारा वाजले की त्यांचा उजवा हात आपोआप छातीवर जाई. तथापि मनाचा मोठेपणा ऐसा की, कॉलिन हा शिकावयास आला तेव्हा त्यांनी हातचे काही राखिले नाही. टोपी कोणते बोटाने धरावी, खांबास मिठी कोठे मारावी, धूळ नाकात जाऊ नये म्हणोन गाल कोणते अंगी ठेवावा, सर्व सांगितले. कॉलिन पोरगा गुणी, नम्र, उंचापुरा. एकच दोष की तो मरताना ओरडे. डेन्व्हरास ऐसेच मरतात ऐसे तो म्हणे. वेंडेलरावांनी त्यास समजाविले.

"पोरा, ओरडू नकोस. आपण मरतोय हे लोकांना आपणच सांगायचं नसतं. त्यांना ते हळूहळू कळू दे."

"तुम्हाला राग नाही आला, मिस्टर ट्रेगोनिंग? तुमची जागा मी घेतली म्हणून?"

"आलाय ना. म्हणून तर नीट शिकवतोय. माझ्या जागी कोणी वाईट मेलेलं मला चालणार नाही."

परंतु एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ना डेलसाहेबांनी, ना मार्व्हाबाईंनी, ना आम्ही. आणि ती लपविली ऐसेही नव्हे. या गावात जन्मलेले मूल दात येण्याआधी जाणते की पेस्टीची मुरड खावयाची नसते. ती कोणी सांगावयाची गोष्टच नव्हे. श्वास घेत जा, ऐसे कोण कोणास सांगतो. गावाची चूक जाहली ती येथे जाहली, आणि ऐसी चूक आम्हीच करू जाणो.

खाणदिन उजाडला. रस्ता दुतर्फा माणसांनी भरला, पताका लागल्या, बसगाड्या ओढ्यापावेतो उभ्या राहिल्या. खडकास छिद्र पाडावयाचे शर्यतीचे पैलवान घण परजीत बसले, बँडवाले आले, आगीच्या बंबास फुले बांधिली, आणि बारानंतर या सर्वांची मिरवणूक मुख्य रस्त्याने निघावयाची होती. लॉरेटाबाईंनी रीतीप्रमाणे रूबाची पेस्टी कागदात गुंडाळोन कॉलिनास पाठविली आणि नवऱ्याची पेस्टी खिडकीत पाठविली. कॉलिन उपाशी होता आणि पेस्टी उत्तम होती. त्याने ती खाल्ली, मुरडीसुद्धा खाल्ली, कागदास चिकटलेले तुकडे बोटाने टिपोन खाल्ले, आणि बाईंस मान द्यावा म्हणोन मुद्दाम बेकरीचे दारी जाऊन म्हणाला की, एक कणही वाया घालविला नाही. लॉरेटाबाईंनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, परंतु तितक्यात बाराची वेळ जाहली, बँकेतोन पोरास हाक आली आणि तो धावत निघाला.

आम्ही पियानो थांबविला. मार्शलांनी ललकारिले. बार उडाला. कॉलिनाने नवल केले, टोपी धरिली, खांबास मिठी मारिली, ओरडला नाही, आणि खरे लिहावयाचे तर बरा मेला. आम्ही त्यास शाबास म्हणालो. मग गल्लीतोन ऑगस्टा निघाली. गर्दीने वाट दिली. ती मयतापाशी आली, तिने उजवा खिसा हुंगला, डावा खिसा हुंगला, बाह्या हुंगल्या. मग तिने मयताचे तोंड हुंगले, आणि तेथे पेस्टीचा वास होता, मुरडीसकट होता. तिने मान वर करोन सर्व गावाकडे एकवार पाहिले, आणि मग मयताचे लांब कोटाचे शेपटावर पुढचे पाय दुमडिले, मागचे दुमडिले, आणि ठाण मांडिले.

येथोन वेढा सुरू जाहला. पियानो धरावा तर मयत उठू शकत नाही, कारण कोट गाढवीखाली. न धरावा तर मयतास उठण्याची परवानगी नाही. आम्ही बोटे पट्ट्यांवर अधांतरी ठेवोन बसलो, आणि मग बसवेना तेव्हा दारात जाऊन उभे राहिलो. मागे मिरवणूक तुंबली, बँड तुंबला, बंब तुंबला, त्यामागे बसगाड्या तुंबल्या. कायद्याने तिला हात लावण्याची सोय नाही. डेलसाहेब वकिलीस गेले आणि तिच्या कानात बहुत गोड बोलिले, तिने कान फिरविला. गाजरे आली, ती खाल्ली. सफरचंदे आली, खाल्ली. कोणा पाहुण्याने आइसक्रीम दिले, तेही खाल्ले, आणि उठली नाही. मार्व्हाबाई कर्ण्यातोन पाहुण्यांस सांगत होत्या की, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मयत ओठ न हालविता पुटपुटला.

"मार्शल, मी मेलोय ते ठीक आहे. पण मला ऊन लागतंय."

डेलसाहेबांनी आपली टोपी काढोन त्याचे तोंडावर सावली धरिली. मागे रांगेत कोणी पाहुणा म्हणाला की, यापेक्षा कॉपर सिटीस जाऊ, तेथे दोर आहे. ते शब्द आमचे काळजास लागले.

खिडकीत वेंडेलराव बसले होते. बार त्यांनी ऐकिला. पियानोची ते वाट पाहत होते आणि पियानो येईना. जन्मभर त्या शांततेत ते मेलेले होते, तेव्हा ती किती लांबते हे अंगात मुरलेले. ही शांतता फार लांबली. त्यांनी आपले पेस्टीची मुरड सवयीने जाकिटाचे खिशात ठेविली होतीच. हद्दपारीतही ते रोज ठेवीत, आणि सायंकाळी घरी जाताना ऑगस्टा भेटली तर देत. त्यांनी खिडकीवर पाटी उलटी केली, समोरचे पाहुण्यांस म्हणाले की, शौचकूप डावीकडे, आणि रस्त्यात उतरले.

गर्दी फाकली. ऑगस्टाने तिरपा कान उभा केला. वेंडेलराव लंगडत मधोमध आले, आणि खिशातोन मुरड काढोन हातावर धरिली. गाढवी उठली. कॉलिनाचा कोट सुटला. ती चालत आली, मुरड खाल्ली, वेंडेलरावांचे कपाळास ओठ लाविला आणि गल्लीत निघोन गेली. गर्दीने टाळ्या पिटिल्या, बँडवाल्यांनी तोंडास वाद्ये लाविली, आणि येथे युद्ध संपावे.

परंतु डेलसाहेबांचे समोर, मध्यान्ही, मुख्य रस्त्यात वेंडेल ट्रेगोनिंग उभे होते, आणि इतुक्या वर्षांचा हात तो. हाताने मालकास न पुसता पिस्तूल उचलिले आणि बार काढिला. डेलसाहेब स्वतःच दचकले. आणि वेंडेलरावांस, त्यांसही न पुसता, गोळी लागली. त्यांनी नवल केले. टोपी डोईवर नव्हती तरी ती सांभाळिली. आईचे नाव घेतले. मार्शलाचे नेमाची तारीफ केली. मग गुडघ्यावर यावयाची वेळ आली तो गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्यांनी एकवार धुळीकडे पाहिले, आम्ही तो चेहरा पाहिला आणि आमचे डोळे भरोन आले; आणि मग ते खांब धरीत, पायरी चढत, सलूनचे पडवीतले डुलत्या खुर्चीपावेतो आले, आणि तीत बसले, आणि मान एका अंगास टाकोन मेले. खुर्ची डुलत राहिली, हळूहळू थांबली. रस्त्यात कोणी श्वास टाकिला नाही, मग ऐसी टाळी जाहली की पताका हालल्या.

लॉरेटाबाई बेकरीतोन आल्या. या वेळी धावल्या नाहीत, चालत आल्या, आणि पडवीचे पायरीपाशी उभ्या राहिल्या. आम्ही दारात होतो, पाच हातांवर, म्हणोन पुढील भाषण शब्दशः लिहितो.

"वेंडेल, पुरे आता. ऊठ."

मयत उठले नाहीत, कारण पियानो वाजला नव्हता, आणि तो वाजविणार दारात तोंड उघडे टाकोन उभा होता. बाईंनी एक पाय पायरीवर ठेविला. तो मयताचा डावा बूट हलकेच वर जाहला आणि फळीवर टेकला, पुनः वर जाहला आणि टेकला. लॉरेटाबाई मटकन पायरीवर बसल्या.

"मीच गेले होते मार्व्हाकडे," त्या म्हणाल्या. "तिचा काही दोष नाही. मीच म्हटलं, याला घरात बसव."

मयत ओठ न हालविता बोलिले. "का?"

"तू झोपलास त्या दिवशी सगळं गाव हसलं. बेकरीपासून तुझ्यापर्यंत मी धावत आले ना, तेवढा सगळा रस्ता तू मेलेला होतास. माझ्यापुरता खरंच मेलेला. आता रोज बाराला बंदूक वाजली की मी तोच रस्ता पुन्हा धावते. पाव भाजता भाजता."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? तुझ्या बापापासून चालत आलंय. मरू नकोस म्हणू?"

मयत म्हणाले, "असं करू. मेलो की पाय हलवत जाईन. तू खिडकीतून बघ."

"कुठला पाय?"

"डावा. उजव्याचा गुडघा कामातून गेलाय."

"लोकांना दिसेल की."

"दिसू दे. त्यांना मी मेलेला हवाय, तुला जिवंत. पाय तुझा, बाकीचा त्यांचा."

लॉरेटाबाईंनी पिठाच्या हाताने डोळे पुसले, तेणेकरोन तोंडास पीठ लागले, आणि मग, जून महिन्यापासोन जे हसणे राहिले होते ते त्या हसल्या. मार्व्हाबाई कर्ण्यातोनच म्हणाल्या की, पियानो वाजवा कोणीतरी, माणूस खोळंबलाय. तेव्हा आम्ही शुद्धीवर आलो आणि आत धावलो.

त्याच सायंकाळी बेकरीत तह जाहला. वेंडेलरावांचे वतन त्यांस माघारे मिळाले, परंतु धुळीत नव्हे, खुर्चीत. ती खुर्ची मरणाचे कामी कायम नेमिली आणि तीत दुसऱ्या कोणी बसू नये ऐसे ठरले. कॉलिन हा काळ्या रूबाचा धाकटा भाऊ करार जाहला. त्याने रस्त्यात पडावे, गुडघे त्याचे तरुण आहेत. आणि डेलसाहेबांनी दोघांस मारावे, त्यांची खांद्याची तक्रार दफ्तरी दाखल करोन घेतली. मरावयाची वेळ नसेल तेव्हा वेंडेलरावांनी खिडकीत बसावे, कारण पंखा त्यांस आवडू लागला होता. कॉलिनाने भर सभेत उभे राहोन मुरड खाल्ल्याबद्दल माफी मागितली आणि पुसले की, ठकठक्यांचे कसे, त्यांचा हिस्सा तर आपल्या पोटात आहे. यावर बहुत खल जाहला. लॉरेटाबाईंनी एक पेस्टी भाजोन त्याचे हाती दिली, आणि त्याने आतले खाल्ले, आणि सगळी मुरड अखंड राखोन तो स्वतः ऑगस्टाकडे गेला. तिने घेतली. मात्र त्याचे कपाळास ओठ लाविला नाही, तो महिनाभराने लाविला.

येणेप्रमाणे टॅलो गल्चची फत्ते जाहली. कॉपर सिटीचा दोर आहे तेथेच लोंबकळतो आहे, आणि आमचेकडे हल्ली दोन माणसे मरतात. पाहुणे कधी कधी शंका काढितात. परवाच एक बाई मार्शलांस म्हणाल्या, "अहो, त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा पाय हलतोय." डेलसाहेबांनी पिस्तूल म्यानात घालीत उत्तर केले, "हो. आमच्या गावात हलतो."

आज हा मजकूर लिहीत असता बारा वाजले, बार जाहला. धाकटा धुळीत पडला आहे, गाढवी येऊन गेली, थोरले खुर्चीत मान टाकोन बसले आहेत. समोर बेकरीची खिडकी दिसते, आणि तीत लॉरेटाबाई हातात पावाचे ताट धरोन उभ्या आहेत, अद्याप भट्टीकडे वळल्या नाहीत. डावा बूट वर गेला आणि टेकला. आता वळल्या. मयत खोळंबले आहेत, सबब लेखणी ठेविली आणि पियानोस हात घातला.